वाट भटजींची, मुक्काम राणीचे : सहल मंडळांना एक खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी 'ग्वाल्हेरच्या काकू' म्हणून माहीत आहे. माहेर पेणचे, सासर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. म्हणजे सत्तावनच्या बंडात सापडून ती हकीकत 'माझा प्रवास' या पुस्तकात लिहिणारे भिक्षुक विष्णुभट गोडसे वरसईकर ज्या तालुक्यातून निघाले तो माझा, आणि वाटेत ज्या शहरात थांबले तेही आता माझेच. थंडी पडायला लागली की मुंबई-पुणे-नाशिककडून तुमचे गट यायला लागतात. हातात 'माझा प्रवास', गळ्यात कॅमेरे, कुणाच्या मोटारसायकलला झेंडा, कुणाच्या टेम्पो ट्रॅव्हलरला मागे भलामोठा फ्लेक्स. घरी चहापोहे होतात, इथल्या बाडा चौकात जाऊन कचोरी होते, मग सगळे राणी लक्ष्मीबाईच्या समाधीकडे. पाहुण्यांचा मला कंटाळा नाही. इथल्या मराठी घरांतली पोरे आता आपसांत हिंदीच बोलतात, त्यामुळे चार दिवस कानावर मराठी पडले तर बरेच वाटते. पण एक गोष्ट मनात साचत आली आहे आणि पोह्यांच्या बशीवर ती नीट बोलता येत नाही. कुणी एकाने मनाला लावून घेऊ नये म्हणून सगळ्यांनाच मिळून लिहिते.

त्या फ्लेक्सवर मार्ग छापलेला असतो. वरसई, पुणे, नगर, महू, धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी आणि शेवटी पुन्हा ग्वाल्हेर. त्या शेवटच्या ग्वाल्हेरपुढे कंसात 'समाधीदर्शन व समारोप'. आणि वर मोठ्या अक्षरांत, गोडसे भटजींच्या पाऊलखुणांवर.

राणी लक्ष्मीबाई पडली ती जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सराईपाशी सुरू झालेल्या लढाईत. भटजी तेव्हा ग्वाल्हेरीत नव्हते. काल्पी इंग्रजांच्या हाती गेली आणि त्यांची पावले चित्रकुटाकडे वळली. राणीच्या शेवटाबद्दल त्यांनी लिहिले आहे ते लोकांकडून ऐकलेले. तुम्ही फूलबागेत समाधीला हार घालून, गट-फोटो काढून ज्या जागी भटजींच्या प्रवासाची सांगता करता, तिथून ते त्या दिवसांत कितीतरी कोस दूर होते, आणि त्यांचा प्रवास तर संपलेलाच नव्हता. ब्रह्मावर्त (म्हणजे बिठूर), लखनौ, अयोध्या, काशी हे सगळे पुढे होते. घरी पोचायला अजून वर्षाहून अधिक काळ जायचा होता.

म्हणजे तुम्ही नाव भटजींचे घेता आणि चालता राणीच्या मागे. राणीच्या मागे जायला हरकत कोण घेणार? ती मोठीच होती. मग फ्लेक्सवर तिचे नाव घाला, मार्ग तिचा आखा, आणि या गरीब भिक्षुकाला वाटाड्या म्हणून राबवू नका. त्याच्या नावाने निघायचे असेल तर मात्र त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चला.

भटजी निघाले कशासाठी, ते एकदा आठवू या. घरावर कर्ज होते आणि वरसईत भिक्षुकी करून ते फिटण्यातले नव्हते. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, मोठा दानधर्म होणार आहे. तिशीच्या उंबरठ्यावरचे विष्णुभट आणि त्यांचे काका रामभट हे दोघे १८५७ च्या सुरुवातीला घराबाहेर पडले ते या दक्षिणेच्या आशेने. घरच्यांना घोर वेगळाच. हिंदुस्थानात लोक भांग पितात, तिथल्या बायका मायावी, पोरगा भुलला तर परत कशाचा येतो! (मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा माहेरची मंडळी अजून हा विनोद करत होती, फरक एवढाच की आता मायावी मी होते.) पुढे बंडाळीत यज्ञ बुडाला. काका-पुतणे दोन-अडीच वर्षे त्या वणव्यातून फिरले, मिळवले ते गमावले, पुन्हा मिळवले, पुन्हा गमावले. राणी या साऱ्यात येते ती मधल्या काही महिन्यांत. तिला पाहायला ते गेले नव्हते. झाशी हा पोट आणि कर्ज यांनी नेलेल्या माणसाचा एक मुक्काम होता.

हे कर्ज तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नसते. भटजींच्या पानापानांत मात्र पैसा आहे. कुठे किती दान मिळाले, कुणी कसा सत्कार केला, मिळालेले घरी सुखरूप कसे पोचवायचे, वाटेत लुटारूंपासून कसे लपवायचे. पराक्रमाच्या शोधात आलेला वाचक ही पाने भराभरा उलटतो. मला तर तीच सगळ्यात खरी वाटतात. सत्तावनच्या साली इंग्रजांचे, बंडवाल्यांचे, संस्थानिकांचे काय चालले होते ते लिहिणारे पुष्कळ झाले. त्या गदारोळात एका भिक्षुकाला आपल्या कमरेची नाणी सांभाळत गावोगाव कसे फिरावे लागले, हे सांगणारा हा एक.

आता प्रतीबद्दल. निघण्यापूर्वी पुस्तक वाचता का, असे मी प्रत्येक गटाला विचारते आणि 'हो' असेच उत्तर येते. कोणती प्रत, असे विचारले की गप्प. भटजींनी आपली हकीकत १८८३ मध्ये मोडीत लिहिली, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून, आणि ती छापायची ती आपल्या मागे, हे ठरवूनच. इंग्रजांची भीती पंचवीस वर्षांनंतरही इतकी होती. वैद्यांनी ती १९०७ मध्ये छापली खरी, पण काही मजकूर गाळला, भाषेवर हात फिरवला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे गेले आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मुळाबरहुकूम आवृत्ती काढली. येताना पोतदारांची प्रत वाचून या. वैद्यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांनी आग्रह धरला नसता तर यातले एक अक्षरही आपल्यापर्यंत आले नसते, आणि १९०७ मध्ये बंडाची हकीकत छापणे सोपे नव्हते. पण पोतदारांच्या प्रतीतला भटजी जास्त मोकळा बोलतो. त्यात गावगप्पा आहेत, भाबडेपणा आहे, सोवळे-ओवळे आहे, कुणाच्या घरची भानगड आहे. वाटेवर सोबतीला असावा तर असा माणूस. झाशी-लखनौकडे कुणाशी याबद्दल बोलायची वेळ आली तर हेही लक्षात ठेवा की हिंदीत हे पुस्तक अमृतलाल नागरांनी 'आँखों देखा गदर' या नावाने आणले आहे. तिकडच्या जाणकाराला 'माझा प्रवास' म्हटले तर कळणार नाही, हे नाव घेतले तर तो तुम्हाला बसवून चहा पाजेल.

या 'आँखों देखा'वरून एक सुचवते. तुमच्या नकाशावर दोन रंग वापरा. भटजींनी डोळ्यांनी पाहिले ते एका रंगात, कानांनी ऐकले ते दुसऱ्या. कानपूरची कत्तल ऐकीव. झाशीचा वेढा पाहिलेला. राणीचा मृत्यू ऐकीव. काडतुसांची गोष्ट, आणि इंग्रजांनी कलकत्त्याला सगळ्या राजेरजवाड्यांपुढे धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे ठेवली ही गोष्ट, बाजारातली. मागच्या हिवाळ्यात एका गटातला तरुण मला ती चौऱ्याऐंशी कलमे इतिहास म्हणून सांगू लागला. मी म्हटले, अरे, ही अफवा आहे, पण काय अफवा आहे! अशी कलमे कुणी मांडली असोत वा नसोत, वाटसरू ती एकमेकांना सांगत होते, खरी मानत होते आणि त्यापायी मरायला तयार होत होते. त्या काळातल्या माणसाच्या डोक्यात काय चालले होते ते सरकारी कागदात सापडत नाही, ते इथे सापडते. तारखांचा घोळ भटजींकडे आहेच. पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिणाऱ्याचा असणारच. त्यांना न्यायालयात साक्षीदार म्हणून उभे करायचे नाही आणि पोथी म्हणून डोक्यावरही घ्यायचे नाही.

महूबद्दल थोडे तिखट लिहिते. तुमचा फ्लेक्स महू म्हणतो, पण गाडी बायपासवरून इंदूरला जाते, कारण सराफ्यातली खाऊगल्ली रात्री रंगते. महूच्या वाटेवर भटजींना बंडाची पहिली चाहूल लागली. पलटणीतले शिपाईच त्यांना सांगतात, आता काहीतरी होणार आहे म्हणून. तिथे उतरा. छावणी अजून छावणीच आहे. आणि उतरलात की त्याच गावातल्या भीम जन्मभूमीवर जा. बाबासाहेब १८९१ मध्ये तिथे जन्मले, कारण वडील रामजी सकपाळ सैन्यातल्या शाळेत शिक्षक होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले, वरसई पेण तालुक्यातले. कोकणातली दोन घरे, एक दक्षिणेच्या आशेने महूपर्यंत आले, दुसरे पलटणीच्या पगारावर. भटजींच्या पुस्तकात दुसऱ्या घरातल्या माणसाला जागा कशी आणि कितपत आहे, हे तिथे उभे राहून जरूर वाचा. भटजींनी सोवळ्यातून जग पाहिले. ते त्यांनी लपवलेले नाही, आपणही झाकू नये. गटात कुणीतरी कुरकुरतो की "काकू, हा आपला विषय नाही." विषय कसा नाही? भटजी कुणाच्या हातचे पाणी पितात आणि कुणाच्या नाही, यावर त्यांचा अर्धा प्रवास चालला आहे.

झाशीत तर तुमचा पूर्ण दिवस किल्ल्यावर जातो. कडक बिजली तोफेशेजारी फोटो, राणीने घोडा उडवला ती जागा, संध्याकाळी ध्वनिप्रकाश. भटजी मात्र वेढ्याच्या काळात शहरात, लोकांच्या घरात राहिले आहेत. किल्ला त्यांनी खालून पाहिला. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज आली, अकरा दिवस तोफा चालल्या. तात्या टोपे मदतीला आले ते बेतवेच्या काठी हरले, आणि एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रज तटावरून आत शिरले. राणी रात्री निघून गेली. ती गेल्यावर शहराचे जे झाले, त्याला भटजी 'बिजन' म्हणतात. गोऱ्यांनी दिसेल त्या पुरुषाला मारले. हलवाईपुऱ्याला आग लावली. बायकांनी विहिरींत उड्या घेतल्या. काका-पुतणे लपून राहिले, सोजिरांना पैसे देऊन जीव वाचवला.

मग लूट. तिचा क्रम भटजींनी सावकाराच्या वहीसारखा लिहून ठेवला आहे. आधी सोने-नाणे आणि रोकड, ती गोऱ्यांची. मग पाळीपाळीने काळ्या पलटणी, कुणाला तांब्या-पितळेची भांडी, कुणाला कपडालत्ता, कुणाला धान्य. शेवटी घरात उरायचे ते कुणालाच नको असलेले. राणीच्या वाड्यातला ग्रंथसंग्रह नासला, त्याची हळहळ या भिक्षुकाला सोन्यापेक्षा जास्त लागली. गल्ल्यांतून प्रेते जाळली, त्याचा वास त्या पानांना आहे. ही पाने किल्ल्यावर वाचू नका. खाली उतरा, राणी महालाच्या मागच्या बाजाराकडे जा, जिथे आता भांड्यांची आणि कपड्यांची दुकाने आहेत, तिथे एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसून वाचा. गणेश मंदिरात जा, राणीचे लग्न जिथे लागले. लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीचे देऊळ आहे, गंगाधररावांची छत्री आहे. तिथे गर्दी नसते, तुमचा गट तर तिथे पोचतच नाही.

झाशीत एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ह्यू रोजच्या त्या फौजेत २४वी आणि २५वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री होती. मुंबई लष्कर म्हणजे काय? त्यात पुरबिये, म्हणजे अवध-बिहारकडचे शिपाई होते, तसे कोकणातले, देशावरचे शिपाईही होते. तटाच्या आत राणी, तिचे वडील मोरोपंत तांबे, तिच्या दरबारातले दक्षिणी ब्राह्मण, आणि आपले गोडसे. तटाच्या बाहेरही घरी मराठी बोलणारी माणसे बंदूक धरून उभी होती. 'आपण' सगळे आत होतो आणि 'ते' सगळे बाहेर, असे तुमचा निवेदक माइकवर सांगतो तेव्हा मला गप्प बसवत नाही. आमच्या ग्वाल्हेरचे तरी काय? जून १८५८ मध्ये तात्या आणि राणी आले तेव्हा जयाजीराव शिंदे आग्र्याला इंग्रजांकडे निघून गेले. याच शहरात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या आश्रयाने वाढलो आणि याच शहरात दर जूनला राणीचा बलिदान मेळाही थाटात भरतो. आम्हाला दोन्ही पचवून राहावे लागते. तुम्हालाही थोडे अवघडल्यासारखे झाले तर बिघडणार नाही.

झाशीहून काल्पीकडे निघालात की सगळ्यांना ती विहीर हवी असते. एका गटाने ओरईच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका विहिरीला हार घातला, नारळ फोडला, समूहगीत म्हटले. हीच कशावरून, म्हणून मी विचारले तर म्हणाले, जुनी दिसत होती. असो. प्रसंग मात्र विसरता येणार नाही असाच आहे. हरून परतणारी, धुळीने माखलेली, मर्दानी पोशाखातली राणी विहिरीपाशी भेटते. तहानेने व्याकूळ. भटजी मातीचे भांडे विहिरीत सोडायला पुढे होतात, तर ती थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि काढते, ओंजळीने पिते. तुम्ही हा प्रसंग राणीचा साधेपणा म्हणून सांगता. मला त्यात आणखी काही दिसते. राज्य गेले आहे, मूल पाठीशी, इंग्रज मागावर, आणि तरी ब्राह्मणाकडून सेवा घ्यायची नाही हा नेम तिने मोडलेला नाही. भटजींनाही वाईट वाटते ते तिच्यावरच्या वेळेचे, नेमाचे नाही. दोघेही एकाच जुन्या जगाची माणसे, आणि ते जग त्या काही आठवड्यांत डोळ्यांदेखत कोसळत आहे.

पाणी पिऊन ती तिच्या वाटेने गेली आणि भटजी त्यांच्या. तुमची गाडी नेमकी इथे तिच्या मागे वळते.

काल्पीत निदान रात्रभर थांबा. यमुनेच्या काठचे बीहड, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळी, पाहिले की त्या मुलखात फौजा कशा लपल्या असतील, लुटारू कसे लपले असतील, ते सांगावे लागत नाही. हाताने कागद करण्याचा धंदा तिथे अजून आहे. कागद घ्या, वही करा, प्रवास तिच्यात लिहा. आणि मग ग्वाल्हेरकडे परत न फिरता पूर्वेला लागा.

कर्वीला जा. चित्रकूटच्या अगदी शेजारी हे गाव. राघोबादादांनी दत्तक घेतलेले अमृतराव पेन्शन घेऊन तिथे येऊन राहिले, त्यांचे वंशज कर्वीचे पेशवे. त्यांची गणेश बाग अजून उभी आहे, शिखरावर मूर्तींची दाटी, समोर पाण्याचे कुंड. पुण्याच्या शनिवारवाड्याची धूळ झटकणाऱ्या तुमच्यातल्या किती जणांनी ती पाहिली आहे? जून १८५८ मध्ये, इकडे ग्वाल्हेरीत राणी पडली त्याच महिन्यात, इंग्रजांच्या जनरल व्हिटलॉकची फौज कर्वीत शिरली. कुणी लढले नाही. तिजोऱ्या, जवाहीर, सगळे उचलले, त्या घराण्यातल्या दोन तरुण भावांची जहागीर गेली. आणि ती लूट नेमकी कोणत्या सैन्याच्या वाट्याची, यावर इंग्लंडात खटला चालला, १८६६ मध्ये निकाल लागला. ज्यांच्या घरातून ती गेली त्यांचा त्या वादात संबंधच नव्हता! झाशीत लुटीची पाळी लावली जाते आणि कर्वीच्या लुटीवर वकील उभे राहतात. राज्य कसे चालते हे समजून घ्यायला मला तरी याहून चांगली जोडी माहीत नाही, आणि ती भटजींच्या वाटेवर चालल्याशिवाय एका माळेत येत नाही.

ब्रह्मावर्ताला नानासाहेबांचा वाडा आता नाही, इंग्रजांनी तो जमीनदोस्त केला. घाट आहे, गंगा आहे. लखनौला रेसिडेन्सीच्या भिंतींवर गोळ्यांचे वण आहेत, ते सगळे पाहतातच. अयोध्या आणि काशीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, तिथल्या गाड्या तुम्ही तशाही भरून नेता. फक्त तिथेही या माणसाला बरोबर न्या. तो यात्रेकरू म्हणून तिथे पोचला तेव्हा त्याच्यामागे काय काय होऊन गेले होते, ते आठवत घाटाच्या पायऱ्या उतरा.

आणि कावड. हे तर तुमच्या कार्यक्रमात औषधालाही नसते. सगळे गमावून झाल्यावर भटजींनी गंगेचे पाणी कावडीत घेतले आणि ते वाहत घरी आणले, आईवडिलांना गंगास्नान घालायला. कर्ज फेडायला गेलेला मुलगा जवळजवळ मोकळ्या हाताने परतला आणि बरोबर पाणी घेऊन आला. श्रावणात एकदा इकडे या. सोरोंहून गंगाजल घेऊन आमच्या भागातली पोरे अनवाणी येतात, कावड खाली टेकवायची नाही म्हणून झाडाला किंवा बांबूच्या घोडीला टांगून विसावा घेतात. आता पुढे डीजेचा ट्रक असतो, कान किटतात, ते सोडा. त्यांच्यातल्या एखाद्याला विचारा, खांदा कुठे सोलवटतो, पाण्याची पातळी कमी झाली तर काय वाटते, रात्री झोप कशी लागते. भटजींच्या परतीच्या वाटेबद्दल पुस्तकाबाहेर काही कळण्याजोगे असेल तर ते या पोरांकडे आहे. हेरिटेज वॉकच्या गाइडकडे नाही.

आता वरसई. तिथे तुमची गाडी अर्धा तास थांबते. नारळ, फोटो, 'येथूनच भटजी निघाले' असे कॅमेऱ्याकडे बघून एक वाक्य, आणि निघालात. बाळगंगेच्या त्या खोऱ्यात धरणाचा आणि पुनर्वसनाचा घोळ वर्षानुवर्षे चालला आहे. घर सोडून कुठे जायचे, मोबदला कधी मिळणार, हे प्रश्न तिथल्या माणसांच्या तोंडी रोजचे आहेत. त्यांच्याशी चार शब्द बोला. कर्जापायी गाव सोडणाऱ्या माणसाच्या नावाने तुम्ही आला आहात, तेव्हा त्यांना तुम्ही परके वाटणार नाही.

तुमच्याकडे रजा मोजक्या असतात, भाडे परवडावे लागते, निम्म्या लोकांना झाशीच पाहायची असते, हे मला ठाऊक आहे. म्हणून एकदम सगळे करा असे म्हणत नाही. दोन वर्षांत दोन टप्पे करा. पहिल्या वर्षी वरसई ते काल्पी, दुसऱ्या वर्षी काल्पी ते काशी आणि परत वरसई. दुसऱ्या टप्प्याला निम्मीच माणसे येतील, येऊ द्या. टेम्पो ट्रॅव्हलर मागून येऊ दे आणि रोज निदान एक मजल पायी करा. दोन कोस चालले तरी पुरे. पैशांचा हिशेब भटजींसारखा लिहून ठेवा, कुठे किती खर्च झाला, कुणी फुकट जेवू घातले. आणि रात्री मुक्कामाला त्या दिवसाची पाने मोठ्याने वाचा, ज्या घरात उतरला असाल त्या घरच्यांनाही ऐकवा. हिंदी घर असेल तर नागरांची प्रत ठेवा.

फ्लेक्स नवीन छापायला पैसे लागतात, म्हणून सध्या 'समाधीदर्शन व समारोप' यावर पांढरी पट्टी चिकटवली तरी चालेल. समाधीला हार घालायला माझी ना नाही, मीही बरोबर येईन. पण तो हार जाताना घाला, काल्पीच्या आधी. परत येताना ग्वाल्हेर लागणार नाही, तेव्हा पोहे एकदाच मिळतील. कर्वीला उतरायची सोय हवी असेल तर आधी कळवा, तिकडे आमचे नातेवाईक आहेत. मात्र दिवाळीच्या अमावास्येला चित्रकुटाला मोठी जत्रा भरते, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत. ते दिवस टाळून तारखा ठरवा.

आपली,
ग्वाल्हेरच्या काकू